बातमीसाठी पैसे: तुम्ही भरता का?

कोरं_पान: वय २३. गाणी आणि सिनेमांसाठी दर महिन्याला पैसे भरते, त्याचं काही वाटत नाही. पण बातमी अर्ध्यावर तोडून 'पुढे वाचण्यासाठी सदस्य व्हा' असं आलं की टॅब बंद करते. तीच बातमी दहा ठिकाणी फुकट मिळते. मैत्रिणींचंही तेच. मी पाच-सहा ठिकाणचं वाचते, सगळ्यांची वर्गणी कशी भरणार? वाचला तेवढ्याच लेखाचे पैसे घ्यायची सोय का नसते?

तळटीप: होती की! नेदरलँड्समध्ये २०१४ साली ब्लेंडल सुरू झालं. अनेक वृत्तपत्रं एकाच ठिकाणी, लेखागणिक काही सेंट, आणि लेख आवडला नाही तर पैसे परत. २०१९ मध्ये त्यांनी लेखागणिक विक्री थांबवून मासिक वर्गणी आणली. प्रत्येक बातमीपाशी थांबून 'घ्यावी का?' हे ठरवायचा कंटाळा येतो, असं मला वाटतं.

जुनी_बातमीदार: मी बातमीदारी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तरुण मुलं पैशाला चिकट आहेत, असा आरोप नेहमी होतो, तो मला मान्य नाही. गाण्यांच्या एका वर्गणीत जवळपास सगळी गाणी मिळतात, बातम्यांच्या वर्गणीत एकच वृत्तपत्र. त्यात वर्गणी सुरू करणं सोपं आणि रद्द करायचं बटण सापडता सापडत नाही. हा राग रास्त आहे.

पण 'दहा ठिकाणी फुकट मिळते' हे अर्धंच खरं. ती बातमी आधी कुणीतरी एकाने खणून काढलेली असते. फ्रान्समधलं मेदियापार हे ऑनलाइन वृत्तपत्र घ्या. २००८ पासून जाहिराती नाहीत, सगळा भार वर्गणीदारांवर. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी छापलं की अर्थसंकल्प मंत्री जेरोम काउझाक यांचं स्वित्झर्लंडमध्ये गुप्त खातं होतं. मंत्र्यांनी संसदेत साफ नाकारलं. मार्च २०१३ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं, एप्रिलमध्ये खातं असल्याचं कबूलही केलं. बातमी पुढे जगभर फुकट वाचायला मिळाली, पण शोधाचा खर्च त्या वर्गणीदारांनी उचलला होता. कागद मिळवायचे, आकडे ताडून पाहायचे, मजकूर वकिलाच्या नजरेखालून घालायचा. आणि यात कित्येक आठवडे घालवूनही अनेकदा बातमी उभीच राहत नाही. त्या आठवड्यांचेही पगार द्यावेच लागतात.

कोरं_पान: हे पटलं. पण ज्यांच्याकडे पैसेच नाहीत त्यांनी वर्गणीच्या भिंतीबाहेर राहायचं?

जुनी_बातमीदार: मुळीच नाही. ब्रिटनमधल्या गार्डियन वृत्तपत्राने आपलं संकेतस्थळ सगळ्यांना खुलं ठेवलं आणि ज्यांना जमेल त्यांच्याकडे मदत मागितली. मला ही पद्धत सर्वांत भावते. तू पाच-सहा ठिकाणी भरू नकोस. जे बंद पडलं तर तुला हवी ती माहिती दुसरं कुणीच शोधणार नाही, असं एक निवड.

कोरं_पान: पर्यावरणावर काम करणारा एक छोटा गट आहे, त्यांचे अहवाल मी नेहमी वाचते. त्यांची वर्गणी आज भरते.