व्हॅनच्या हीटरला डिझेल कुठून घ्यायचं? (घरच्या ग्रुपवरून)

दादा: मामा, व्हॅनमध्ये डिझेलवरचा हीटर बसवायचं पक्कं झालंय, २ किलोवॅटचा. सोबत आलेली १० लिटरची प्लास्टिकची टाकी लावू, की गाडीच्याच टाकीतून डिझेल घेऊ?

आबा: गाडीच्याच टाकीतून घे. दोन-दोन टाक्या कशाला सांभाळायच्या?

वहिनी: आत वास येणार नाही ना? मुलं तिथेच झोपणार आहेत.

मामा: सूनबाईंचं आधी, कारण टाकीची जागा त्यावरच ठरते. टाकी आत ठेवली की वास येणारच. आमच्या जुन्या गाडीत ती सीटखाली होती. गळती म्हणावी असं काही नव्हतं, पण बुडाशी नळी जोडतात तिथल्या आट्यांवर डिझेल पाझरायचं. बोट फिरवलं की तेलकट लागायचं, एवढंच. तेवढ्यानेही पांघरुणांचा वास महिनाभर गेला नाही.

दादा: मग गाडीखाली लावू?

मामा: लावता येते. सायलेन्सरपासून लांब, दगड उडून लागणार नाहीत अशी. टोपणाचं हवेचं भोक मोकळं ठेव, ते बुजलं की डिझेल खेचलं जात नाही. पण तुझी गाडी डिझेलचीच आहे, मी असतो तर मोठ्या टाकीतूनच घेतलं असतं.

आबा: तेच म्हणतोय मी. इंजिनाच्या नळीला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावला की झालं.

मामा: नाही आबा, तेवढं करू देऊ नका. आताच्या बऱ्याच गाड्यांत पंप टाकीतच असतो, इंजिनाकडची नळी दाबाखाली असते. हीटरचा पंप टिक टिक करत मोजून डिझेल देतो. मागून दाब आला की माप चुकतं, नुसता धूर आणि काजळी. जुन्या गाडीत उलटं, तिथे इंजिन डिझेल खेचून घेतं. टीचा जोड जरा सैल राहिला की हवा शिरते आणि सकाळी गाडी सुरूच होत नाही. इंजिनाच्या नळीला हातच लावायचा नाही. टाकीत हीटरची वेगळी नळी वरून सोडायची. ट्रान्झिट, स्प्रिंटरसारख्या काही व्हॅनना त्यासाठी जादा तोंड आधीच दिलेलं असतं, ते आधी शोध.

दादा: नळी तळापर्यंत सोडू का?

मामा: नको, वरच काप. रात्रभर हीटर चालला तरी गाडी पेट्रोल पंपापर्यंत पोहोचण्याइतकं डिझेल मागे उरलं पाहिजे. तळातलं पाणी आणि गाळही वर येत नाही.

ताई: रात्रीत किती जळतं?

मामा: १ लिटर डिझेलमधून साधारण १० किलोवॅट-तास उष्णता मिळते. पूर्ण जोरात तासाला पाव लिटरच्या आत-बाहेर, मंद ठेवला तर ०.१ लिटर. आठ तासांचं १ ते २ लिटर धर.

ताई: आमची गाडी पेट्रोलची आहे.

मामा: मग वेगळी टाकीच, बाहेरून लावलेली. डिझेलच्या हीटरमध्ये चुकूनसुद्धा पेट्रोल जाऊ देऊ नकोस, आग लागेल. वेगळ्या टाकीचा एक फायदा आहे. कडाक्याच्या थंडीत डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. हीटरच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर त्या टाकीत रॉकेल भरता येतं, काजळीही कमी धरते.

(रविवारी)

दादा: मामा, वेगळी नळी सोडली, पण हीटर पेटतो आणि विझतो. फोटो बघा, नळीत बुडबुडे दिसतायत.

मामा: नळी मऊ आणि रुंद दिसतेय, ती काढ. २ मिलिमीटर भोकाची कडक नायलॉनची घाल. दोन नळ्यांची टोकं जोडाच्या रबरी तुकड्याच्या आत एकमेकांना टेकलीच पाहिजेत, मध्ये फट राहिली की बुडबुडा तिथेच साठतो. टोकं पात्याने सरळ काप, कटरने चेपू नकोस. पंप टाकीजवळ आण, त्याला ढकलणं जमतं, लांबून खेचणं जमत नाही. आणि तो तिरका बसव, बाहेर पडायचं तोंड वर, म्हणजे हवा अडकत नाही.

दादा: पंप आडवाच होता! आता तिरका केला, नळी बदलली. तासभर चालू आहे, एकही बुडबुडा नाही, टिक टिक अगदी एकसारखी.

वहिनी: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला का? तो लागल्याशिवाय मुलं आत झोपणार नाहीत.

दादा: आणून ठेवलाय. उशाच्या उंचीला आत्ताच लावतो.