शहरी मिशनकार्याची मार्गदर्शक मूल्ये लिहिताना काय सांभाळायचे?

द्राक्षमळा:
आमच्या ख्रिस्ती मंडळीतर्फे (चर्चतर्फे) शहरातल्या एका दाट वस्तीत सेवाकार्य चालते. मुलांचा अभ्यासवर्ग, अडचणीतल्या कुटुंबांना शिधा आणि आजाऱ्यांच्या भेटी, अशी तीन कामे. स्वयंसेवक चाळीसच्या आसपास, त्यातले निम्मे दरवर्षी नवे. मार्गदर्शक मूल्यांचा मसुदा तयार आहे: प्रेम, सेवा, प्रार्थना, एकता, नम्रता, प्रामाणिकपणा, उत्कृष्टता, विश्वासूपणा, करुणा, आदर, आनंद. अकरा शब्द, प्रत्येकाखाली बायबलमधले एक वचन. कार्यकारिणीत सगळ्यांना पसंत पडला, आणि नेमकी तिथेच शंका येते. ज्याला कोणाचाच विरोध नाही त्याचा रोजच्या कामात उपयोग काय?

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मूल्ये किती असावीत आणि कशी लिहावीत? मदत आणि सुवार्ता (येशूचा संदेश सांगणे) यांचे नाते कागदावर कसे मांडावे? (यावरच सगळ्यात जास्त वाद होतात.) आणि 'आम्ही वस्तीत राहून सेवा करतो' असे लिहावे का? बरेच स्वयंसेवक बाहेरून येतात.

मोहरीचा_दाणा:
शंका रास्त आहे. मूल्य कामाचे की शोभेचे हे ओळखायला वाक्य उलटे करून बघा. 'आम्ही प्रेम करत नाही' असे कोणतेही मिशन म्हणणार नाही. म्हणजे 'आम्ही प्रेम करतो' या वाक्याने तुम्ही काहीच निवडलेले नाही. याउलट 'थोड्या कुटुंबांबरोबर पुष्कळ वर्षे काम करतो' हे घ्या. 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत एकदा तरी पोहोचतो' असे म्हणणारी, मनापासून काम करणारी मिशनेही असतात. इथे तुम्ही एक धरले आणि एक सोडले.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय पाळक जॉन पर्किन्स १९६० मध्ये कॅलिफोर्नियातून मिसिसिपीतल्या मेंडनहॉलला परतले. तिथल्या कामातून त्यांनी मांडलेली तीन सूत्रे अशी: गरजूंच्या वस्तीत राहायला जाणे, माणसांचा देवाशी आणि वंशावंशांतला समेट, साधनांची फेरवाटणी. मेंडनहॉल लहान गाव, पण सूत्रे शहरी मिशनांनीही उचलली, कारण ती पटली नाहीत तर त्यांच्याशी भांडता येते. त्यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये उभ्या राहिलेल्या ख्रिश्चन कम्युनिटी डेव्हलपमेंट असोसिएशनने त्यांत आणखी पाच जोडली: नेतृत्व घडवणे, लोकांना सक्षम करणे, माणसाचा समग्र विचार, मंडळीचा पाया आणि वस्तीचे ऐकणे. तुमच्या अकरा शब्दांशेजारी ही आठ ठेवून पाहा, फरक लगेच कळेल.

लिहायला बसताना शब्दांपासून सुरुवात करू नका. गेल्या वर्षातले आठ-दहा अडचणीचे निर्णय काढा. शिधा कमी पडला तेव्हा कोणाला नाही म्हटले? देणगीदाराने मुलांचे फोटो मागितले तेव्हा काय केले? दारू पिऊन आलेल्या माणसाला दारात अडवले की आत घेतले? प्रत्येक निर्णयापुढे 'कशावरून ठरवले' हे एका ओळीत लिहा. त्यातून दिसतात ती तुमची आजची खरी मूल्ये. काही वाचून संकोच वाटेल. दुरुस्ती तिथूनच सुरू होते.

मग प्रत्येक मूल्य चार भागांत लिहा: एक वाक्य, त्याचा शास्त्राधार, 'म्हणून आम्ही हे करतो' आणि 'म्हणून आम्ही हे करत नाही'. नमुना देतो.

मूल्य: ज्या वस्तीत पाठवले आहे तिचे भले ते आमचे भले.
आधार: बायबलमधला यिर्मया २९:७. हे पत्र बाबेलमध्ये पकडून नेलेल्यांना आहे. ज्यांनी घरेदारे हिरावली त्यांच्याच नगराचे हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे त्यात सांगितले आहे. त्याआधीच्या पाचव्या ओवीत घरे बांधा, बागा लावा असेही आहे, म्हणजे मुक्काम लांबचा धरायचा.
म्हणून: पाणी, कचरा, दिवे यांसाठी रहिवासी बसतात त्या बैठकीला आपला एक माणूस दर महिन्याला जातो.
म्हणून नाही: मंडळीच्या सभासदांपुरती मदत ठेवत नाही. दुसरी संस्था चांगला वर्ग चालवत असेल तर शेजारी आपला काढत नाही, तिथे शिकवायला माणसे देतो.

शेवटच्या दोन ओळींवर कार्यकारिणीत खडाजंगी झाली तर चांगलेच. झाली नाही तर ओळी अजून मोघम आहेत. अशी पाच किंवा सहा मूल्ये पुरेत. त्यापुढची लक्षात राहत नाहीत. सगळे मिळून एका कागदाच्या पाठपोट मावले पाहिजे.

आणि 'उत्कृष्टता' काढा. तो कंपनीच्या भिंतीवरचा शब्द आहे. वर्ग ठरल्या वेळेला सुरू होतो, एवढे लिहिलेत तरी पुष्कळ.

दिवठणी:
दुसऱ्या प्रश्नावर. मदत आणि सुवार्ता यांचा घोळ बहुतेक वेळा सिद्धान्तात नसतो, रांगेत असतो. शिधावाटपाआधी सगळ्यांना उभे करून प्रार्थना घेतली की ती ऐच्छिक राहत नाही. पिशवी हातात पडायच्या आधी कोण निघून जाईल? प्रार्थना करणाऱ्याच्या मनात सक्ती नसेलही, पण रांगेतल्याला ती जाणवते.

सिद्धान्ताचे काम बरेचसे झालेले आहे. १९७४ च्या लोझान करारनाम्याचा (जगभरच्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांचे जाहीर निवेदन) पाचवा परिच्छेद म्हणतो की समाजकार्य म्हणजे सुवार्ता नव्हे, तरी दोन्ही ख्रिस्ती कर्तव्याचाच भाग आहेत. २०११ मध्ये व्हॅटिकनचा आंतरधर्मीय संवादाचा विभाग, जागतिक चर्च परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून ख्रिस्ती साक्षीच्या आचरणाबद्दल शिफारशी काढल्या. गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेणे, आमिष दाखवणे याला त्यात स्पष्ट नकार आहे. मूल्यांच्या कागदावर या दोन्हींचा एका ओळीत उल्लेख करा. 'हे आपल्या शिकवणीत बसते का' असा प्रश्न येतोच, तेव्हा उत्तर तयार असते.

कामात ते असे उतरते:

आधी वाटप पूर्ण, मग थोडी मोकळी वेळ, मग प्रार्थना. जागा वेगळी ठेवा, निदान दार तरी वेगळे. ज्याला जायचे त्याला सगळ्यांच्या नजरेसमोरून जावे लागू नये.

नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना नको. 'माहितीसाठी' म्हणून ठेवलेला रकाना देणाऱ्याच्या नजरेत येतोच, आणि अर्ज भरणाऱ्यालाही वाटते की उत्तरावर काही अवलंबून आहे.

आजाऱ्याच्या भेटीत आधी विचारावे, आणि असे विचारावे की नाही म्हणणे सोपे जाईल. 'प्रार्थना करू ना?' यात होकार गृहीत आहे. 'आम्ही जाताना कधी कधी प्रार्थना करतो. आज नको असेल तर नुसते बसू' हे बरे. नाही म्हटले तर खरोखर बसावे, लगेच उठून निघू नये. पुढच्या आठवड्याची भेट चुकली तर त्या घराला पहिल्या नकाराचा अर्थ कळतो.

अभ्यासवर्गात बायबलकथा असतील तर पालकांना प्रवेशाच्या वेळीच, त्यांच्या भाषेत, लेखी सांगा. त्या वेळेपुरते मूल बाहेर ठेवायची मुभा द्या. बाहेर ठेवलेल्या मुलासाठीही एक शिक्षक लागतो. तो नेमलेला नसेल तर मुभा कागदावरच राहते.

उलट्या बाजूची चूकही होते. ओळख लपवून काम करायचे आणि सहा महिन्यांनी हळूच विषय काढायचा, हा अप्रामाणिकपणाच. फलकावर मंडळीचे नाव पहिल्या दिवसापासून असू द्या.

दोन_सह्या:
पैशाबद्दल कोणी बोलले नाही म्हणून. 'प्रामाणिकपणा' हा शब्द काढून त्या जागी २ करिंथ ८:२०-२१ (प्रेषित पौलाचे करिंथच्या मंडळीला पत्र) चा आशय घाला. एवढ्या मोठ्या वर्गणीबाबत कोणी आपल्याला दोष लावू नये, म्हणून पौल खबरदारी घेतो. प्रभूपुढे योग्य असणे पुरेसे आहे असे तो म्हणत नाही, माणसांपुढेही योग्य दिसले पाहिजे म्हणतो, आणि मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो.

त्याचे रोजचे रूप: दानपेटी उघडताना एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन माणसे. मोजणी जागेवरच, आकडा त्याच कागदावर, दोघांच्या सह्या, रक्कम न वापरता बँकेत. गोळा झालेल्या रोख रकमेतून परस्पर खर्च करायची सवय लागली की हिशेब कधीच जुळत नाही, आणि चोरी झालेली नसतानाही संशय उरतो. मुलांच्या वर्गासाठी आलेली देणगी वेगळ्या रकान्यात. भाड्याला कमी पडले म्हणून तिला हात नाही. वर्षाचा जमाखर्च देणगीदारांना पाठवता तसाच वस्तीतही, सभागृहाच्या दाराशी लावा. तो वाचायचा पहिला हक्क त्यांचा आहे.

तक्रारीचा मार्ग हेही मूल्यच आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही. सात जण निवडले गेले, आणि सातही नावे ग्रीक आहेत. डावलल्या गेलेल्या गटाकडे वाटपाचे काम गेलेले दिसते.

द्राक्षमळा:
रांगेबद्दलचे वाचून वाटपाचा क्रम बदलायचे ठरते आहे. आता तिसरा प्रश्न उरला. पर्किन्स यांचे पहिले सूत्रच वस्तीत राहायचे, आणि ते आम्हाला जमणारे नाही. मग?

उंबरठा:
जमत नसेल तर लिहू नका. कागदावरचे एक वाक्य खोटे निघाले की बाकीच्या पाचांवरचा विश्वास जातो. जे खरे आहे ते मोजता येईल असे लिहा. उदाहरणार्थ: 'तीच माणसे, त्याच वारी, त्याच वेळी, किमान दोन वर्षे.' शहरातल्या वस्तीत भाडेकरू बदलतात, शेजार बदलतो, शाळा बदलते. न बदलणारे एक माणूस मुलाला मिळणे हीच मोठी गोष्ट. निम्मे स्वयंसेवक दरवर्षी नवे असतील तर वर्गावर किमान एक जुना आणि एक नवा अशी जोडी ठेवा. नव्याला एकट्याने मुलांबरोबर ठेवायचे नाहीच, जुन्यालाही नाही. दोन मोठी माणसे, दार उघडे किंवा काचेचे, घरी सोडायला एकटे मूल एकट्या मोठ्याबरोबर नाही. मुलांची सुरक्षा मूल्यांच्या कागदावर स्वतंत्र लिहा, 'प्रेम' या शब्दात ती गृहीत धरू नका.

राहायला जाता येत नसेल तर निर्णय वस्तीत राहायला पाठवा. कार्यकारिणीत तिथले किती जण, हा आकडा दरवर्षी लिहा. किल्ल्या कोणाकडे आहेत तेही बघा. सभागृहाची किल्ली पाळकांकडे आणि बाहेरून येणाऱ्या दोघांकडेच असेल, तर 'स्थानिक नेतृत्व' हे मूल्य अजून तुमच्या खिशात आहे. एक किल्ली तिथल्याच एका ताईंच्या हाती द्या आणि त्यांना फोन न करता सभागृह उघडू द्या. एखादी खुर्ची मोडेल, एखादा दिवा रात्रभर जळेल. मोडू द्या, जळू द्या.

शिध्याबाबत एक फरक मूल्यांतच नोंदवा. आग, पूर, अचानक आजारपण यांत लगेच आणि फार न विचारता द्यायचे. मुदत मात्र पहिल्याच दिवशी सांगायची, समजा सहा आठवडे. त्यानंतर घर सावरायला मदत, आणि त्यापुढे जे काही करायचे ते त्या माणसांबरोबर ठरवून. तात्पुरत्या मदतीला शेवट ठरवलेला नसला की ती वर्षानुवर्षे चालते आणि घरातल्यांनी स्वतः करायच्या गोष्टी मागे पडतात. लेवीय १९:९-१० मधली सोय बघा: शेताच्या कडा कापायच्या नाहीत, पडलेली कणसे उचलायची नाहीत. गरीब आणि परके येऊन स्वतः वेचतात. पेंढी बांधून कोणी घरी पोहोचवत नाही.

ऐकणे हे मूल्य ठेवणार असाल तर त्याला आकडा आणि तारीख द्या. वर्षातून एकदा तीस घरे, चार प्रश्न: इथे काय चांगले आहे? अडचण आली तर पहिल्यांदा कोणाकडे जाता? तुम्हाला काय चांगले येते? आमच्या कामातले काय बंद झाले तर चालेल? चौथ्या प्रश्नाचे खरे उत्तर ओळखीच्या स्वयंसेवकाला मिळत नाही. तो दुसऱ्या भागातल्या माणसाकडून विचारून घ्या. रात्रपाळीवाल्यांची घरे दुपारी गाठा, नाहीतर तीसही घरे एकाच प्रकारची येतात.

द्राक्षमळा:
पहिल्या मूल्याचा नवा मसुदा: 'आम्ही लाभार्थ्यांना कोणत्याही अटीशिवाय मदत करतो आणि त्यांनी विचारल्यास आमच्या विश्वासाबद्दल मोकळेपणाने सांगतो. म्हणून वाटप, वर्ग आणि भेटी प्रार्थनेला येण्यावर अवलंबून नाहीत.' चालेल का?

दिवठणी:
दुसरे वाक्य चोख आहे. पहिल्यातले 'लाभार्थ्यांना' काढून 'शेजाऱ्यांना' करा. हा कागद दाराशी लागणार आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहिले आहे तीच माणसे तो वाचणार आहेत. शिवाय 'कोणत्याही अटीशिवाय' खरे नाही. वर्गाला तुम्ही हजेरीची अट घालताच. 'धर्माची कोणतीही अट न घालता' असे लिहा.