डेबियनमध्ये सिस्टिमडीऐवजी दुसरे इनिट वापरता येते का?

जुना_लॅपटॉप:
माझ्या दोन जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप आहे. इन्स्टॉल करताना डेस्कटॉप कोणता हवा हे विचारले गेले. पण कर्नेल जी पहिली प्रोसेस सुरू करतो आणि जिच्यामुळे पुढच्या सगळ्या सेवा उभ्या राहतात, ती, म्हणजे इनिट, कोणती असावी हे मात्र विचारले नाही. आपोआप बसलेल्या सिस्टिमडी या इनिटऐवजी जुने सिसव्हीइनिट वापरता येईल का, आणि येत असेल तर हा पर्याय सुरुवातीलाच का देत नाहीत?

टर्मिनलवाला:
वापरता येते. ‘सिसव्हीइनिट-कोअर’ हे पॅकेज बसवायचे. मात्र पॅकेजेस बसवणारी-काढणारी ॲप्ट ही आज्ञा कोणती पॅकेजेस काढणार आहे, ती यादी शेवटपर्यंत वाचा. ‘सिस्टिमडी-सिसव्ही’ जाणारच, कारण एसबिन फोल्डरमधली इनिट ही फाइल एका वेळी एकाच पॅकेजची असते. पण डेस्कटॉपचे भाग जाताना दिसले तर थांबा. लॉगिन-सत्रे सांभाळणारा लॉगइनडी हा सिस्टिमडीचाच भाग असल्याने, त्याच्या जागी ईलॉगइनडी आणि त्याला लॉगिनशी जोडणारे पॅम मॉड्यूल त्याच आज्ञेत मागावे लागते. मी एकदा यादी न वाचता ‘वाय’ दाबले आणि रीबूटनंतर काळ्या पडद्यावर नुसता लॉगिन प्रॉम्प्ट पाहत बसलो.

पॅकेजकार:
‘का देत नाहीत’ याचे उत्तर इतिहासात आहे. डेबियनच्या तांत्रिक समितीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सिस्टिमडीची निवड केली आणि २०१५ च्या डेबियन ८ पासून ते मूळ इनिट झाले. २०१९ च्या अखेरीस पुन्हा मतदान झाले, तेव्हा सिस्टिमडीवर भर देत पर्यायांच्या शोधाला पाठिंबा देणारा ठराव जिंकला. त्यानंतर पॅकेजेस सांभाळणाऱ्या अनेक मेंटेनरांनी आपापल्या पॅकेजमधल्या जुन्या इनिट स्क्रिप्ट काढून टाकल्या. अशा स्क्रिप्ट ‘ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स’ नावाच्या पॅकेजमध्ये गोळा केल्या आहेत. अनाथ हे नाव मला फारच नेमके वाटते.

रनिटप्रेमी:
इतिहास मान्य आहे, पण त्यातून ‘पर्याय देणे शक्य नाही’ असे निघत नाही. याच वादातून डेबियनपासून वेगळे झालेले डेव्हुआन इन्स्टॉल करतानाच सिसव्हीइनिट, ओपनआरसी आणि रनिट या इनिटांतून निवड करू देते.

पॅकेजकार:
विचारणे सोपेच आहे हो. पण प्रत्येक सेवेसाठी प्रत्येक इनिटची वेगळी फाइल कोणीतरी लिहावी लागते, आणि ती केवळ लिहून भागत नाही. सेवा बंद पडली, अडकली किंवा नेटवर्कच्या आधीच सुरू झाली तर काय होते, हे तपासावे लागते. स्वतः सिसव्हीइनिट न वापरणाऱ्या मेंटेनराने हे फावल्या वेळात करावे, अशी सक्ती मला पटत नाही; कोणी तपासलेली स्क्रिप्ट पाठवली तर मी ती आनंदाने घेतो.

जुना_लॅपटॉप:
यादी वाचली, तिन्ही पॅकेजेस एकाच आज्ञेत मागितली आणि डेस्कटॉप शाबूत राहिला. पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसचे नाव आता ‘इनिट’ असे दिसते. रॅमच्या वापरात मात्र डोळ्यांत भरेल असा फरक पडलेला नाही.