स्कीवर वळायचं कसं हे पहिल्यांदा सुचलं कुणाला?

घाटवाट:
गुलमर्गला आठ दिवस स्की शिकून आलो, म्हणजे पहिले चार दिवस नुसता आपटलो. ट्रेनर सारखा ओरडायचा, टाचा बाहेर, टाचा बाहेर! फळ्यांची टोकं जवळ ठेवून टाचा फाकवल्या की वेग मरतो आणि एका पायावर भार टाकला की चक्क वळता येतं. हे डोकं कुणाचं? नॉर्वेवाल्यांचं का?

बर्फाचा गोळा:
आल्प्सच्या उभ्या उतारावर चालेल असं तंत्र बसवलं ते मथियास झ्डार्स्कीने. जन्म १८५६, मोराव्हियातला (आताच्या चेक प्रजासत्ताकात), लहानपणीच एक डोळा गेलेला. ऑस्ट्रियात लिलिएनफेल्डजवळ डोंगरात राहायचा. नॉर्वेच्या नान्सेन या शोधप्रवाशाने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं त्याबद्दल वाचलं आणि पठ्ठ्याने नॉर्वेहून स्की मागवल्या, पण शिकवायला कोण? मग स्वतःच पडत-झडत शिकला. लांबलचक फळ्या आखूड केल्या, पाऊल बाजूला हलू नये म्हणून बुटाखाली पोलादी पट्टीचं बाइंडिंग (बूट फळीला जखडायची पकड) बनवलं आणि हातात एकच लांब काठी. १८९६ मध्ये पुस्तक काढलं.

डोंगरवेडी:
झ्डार्स्की भारीच, पण नॉर्वेला एवढं सहज बाजूला सारू नका. टेलेमार्कचा सोंद्रे नॉरहाइम १८६८ मध्ये चाळिशी उलटल्यावर ख्रिस्तियानियाला, म्हणजे आताच्या ओस्लोला, स्पर्धेत उतरला आणि लोक बघतच राहिले. टाचेमागून जाणारं बाइंडिंग, मधे निमुळती फळी, हे त्याच्याकडे आधीच होतं.

बर्फाचा गोळा:
मान्य, पण प्रश्न टाचा फाकवण्याचा आहे ना, ते झ्डार्स्कीचंच खातं. १९०५ च्या मार्चमध्ये त्याने मुकनकोगेल डोंगरावर ८५ फाटकं लावून शर्यत घेतली, २४ जण उतरले. बरेच लोक तिला पहिली स्लॅलम, म्हणजे फाटकांमधून वळणं घेत उतरायची शर्यत, मानतात. बाकी दोन काठ्या वापरा म्हणणाऱ्या बिल्गेरी या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याशी त्याचं इतकं वाजलं की प्रकरण द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत गेलं!! काठीवरून!

डोंगरवेडी:
आणि १९१६ चं राहिलंच की. पहिल्या महायुद्धात सैन्यासोबत असताना हिमस्खलनात गाडला गेला, सुमारे ८० ठिकाणी हाडं मोडली-निखळली. तेव्हा वय साठीला टेकलेलं. स्वतःच व्यायाम शोधून काढून हळूहळू उभा राहिला आणि परत स्कीवर गेला. वारला १९४० मध्ये.

घाटवाट:
बापरे. माझा एक गुडघा सुजला तर मी पाचव्या दिवशी हॉटेलात झोपून होतो. बिल्गेरीबद्दल अजून लिहा ना कोणीतरी.