कंबरदुखीला ऑस्टिओपॅथी, सांगली-मिरजेत कुणी घेतलीय का?

हळदीगावचा: नमस्कार मंडळी. मार्केट यार्डात अडत दुकानी हिशेबाला आहे, दिवसभर खुर्चीत आणि सीझनला पोत्यांमागं पळापळ. गेल्या सीझनपासनं कंबर धरलीय. डॉक्टर म्हणाले एमआरआयची गरज नाही, गोळ्या दिल्या, त्या चालू असल्या की बरं, बंद केल्या की परत तेच. आई म्हणतीय उसण भरलीय, पायाळू माणसाकडनं लाथ मारून घे 😀 आणि पुण्याची मावसबहीण म्हणतीय ऑस्टिओपॅथी कर, तिची मान मोकळी झाली, झोप पण लागायला लागली. हे फिजिओपेक्षा वेगळं काय असतंय? खरंच फायदा का नुसते पैसे जाणार?

मिरजेचा_फिजिओ: दादा, अमेरिकेत ॲन्ड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरनं १८७४ मध्ये काढलेली पद्धत आहे ही. हातानं चाचपून बघायचं कुठं आखडलंय, मग स्नायू-सांधे दाबून, ताणून, हळूहळू हलवून मोकळे करायचे. यातलं बरंच आम्ही फिजिओही करतो. आता फायद्याचं, जुन्या कंबरदुखीत थोडा आराम पडतो हे खरंय पण लय अपेक्षा ठेवू नका, २०२१ ला फ्रान्समधला मोठा अभ्यास आला त्यात निम्म्या लोकांना नुसता हात लावल्यासारखं केलं, निम्म्यांना खरी ऑस्टिओपॅथी, खरीवाल्यांना फरक जास्त पडला पण इतका बारीक की रोजच्या कामात जाणवंल का शंकाच. ब्रिटनच्या सरकारी गाईडलाईनमध्ये (२०१६) तर स्पष्ट आहे, हाताचे उपचार द्या पण व्यायामासोबतच. नुसतं टेबलावर झोपून कंबर सुधरत नाही. झोपेचं म्हणाल तर अर्धा तास कुणीतरी शांतपणे ऐकून घेतंय, अंग सैल करतंय, तर बरं वाटणारच की, त्यात वाईट काय.

साताऱ्याची_सून: मी काही वर्षं इंग्लंडात होते, तिथं मानेसाठी घेतलीय, मला छान वाटलं. पण तिथं १९९३ चा कायदा आहे, रजिस्टरमध्ये नाव नसेल तर स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेताच येत नाही. अमेरिकेत तर यांचे डीओ (ऑस्टिओपॅथीची डिग्री घेतलेले) म्हणजे पूर्ण डॉक्टर, ऑपरेशनसुद्धा करतात. आपल्याकडं तसलं काही नाही, छोटा कोर्स करूनही बोर्ड लागतो. त्यामुळं आधी मूळ डिग्री काय ते विचारा, बीपीटी-एमपीटी (फिजिओथेरपीच्या डिग्र्या) असंल तर बरं. आणि मान कडाकड मोडणाऱ्यांपासून लांब राहा, क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटते त्यानं.

वाळवा_एक्सप्रेस: आमच्या सासूबाईंची पाठ एकानं चोळून दाबून दिली, नंतर कळलं मणका आधीच फ्रॅक्चर होता, हाडं ठिसूळ झालेली. वयस्कर माणसाला आधी तपासणी, मग बाकी सगळं.

मिरजेचा_फिजिओ: अगदी बरोबर. आणि पायात जोर नाही, बसायची जागा बधिर, लघवी अडतीय किंवा कळत नाही, असलं काही झालं तर ऑस्टिओपॅथी नाही न् फिजिओ नाही, त्याच दिवशी थेट मोठ्या हॉस्पिटलला. ताप, वजन उतरणं याच्यासोबत पाठ दुखत असंल तरी डॉक्टरच.

हळदीगावचा: तसलं काही नाही देवाच्या कृपेनं. मग आधी फिजिओच दाखवतो. कमरेचा पट्टा लावू का तोवर?

मिरजेचा_फिजिओ: पोतं उचलताना लावा, दिवसभर नको. तासाभरानं खुर्चीतनं उठत जा आणि सकाळी आमराईत चालायला सुरू करा, थोडं दुखलं तरी.