टॉर्शनची ॲक्सियल ॲनॉमली: लॅम्डाचं करायचं काय?

पाचवी_मिती: होलोग्राफिक मॉडेलमध्ये (चार मितींतला क्वांटम सिद्धांत पाच मितींतल्या गुरुत्वाच्या सीमेवर मांडणारं) टॉर्शन (अवकाश-काळाचा पीळ) घालून ॲक्सियल करंटचे (उजव्या आणि डाव्या कायरॅलिटीच्या कणांच्या प्रवाहांतला फरक) ट्रान्सपोर्ट गुणांक काढायचे आहेत. १९६९ च्या ॲडलर-बेल-जॅकीव ॲनॉमलीत (क्वांटम परिणामांमुळे करंटचा अक्षय्यतेचा नियम मोडणं) सहगुणक निव्वळ आकडा असतो. १९८२ च्या नीह-यान पदात (टॉर्शनमुळे येणारं ॲनॉमलीचं पद) मात्र टेट्राडला (अवकाश-काळाची स्थानिक चौकट) लांबीचं परिमाण, म्हणून पुढे कटऑफ लॅम्डाचा (सिद्धांत जिथे तोडला ती ऊर्जा) वर्ग लावावा लागतो. उत्तरातच लॅम्डा असेल तर त्या उत्तराला अर्थ काय?

उलटा_टेन्सर: लॅम्डाच्या मागे लागूच नका. नीह-यान पद म्हणजे 'टेट्राड वेज टॉर्शन' या थ्री-फॉर्मचा एक्स्टिरिअर डेरिव्हेटिव्ह, आणि तो थ्री-फॉर्म स्वतःच लोकल लोरेन्ट्झ इन्व्हेरियंट आहे. करंटमधून वजा करून टाका: ॲनॉमली गेली आणि एकही सिमेट्री मोडली नाही. चर्न-सायमन्सच्या बाबतीत ही पळवाट नाही, कारण 'ए वेज डीए' (ए म्हणजे गेज फील्ड) गेज इन्व्हेरियंट नसतो. नीह-यान पदाला उगाच फार भाव मिळाला, असं माझं स्पष्ट मत.

खरा माल दुसरीकडे आहे. मिनिमल कपलिंगमध्ये डिरॅक फर्मिऑनला टॉर्शनचा फक्त पूर्ण प्रतिसममित भाग दिसतो, तोही गॅमा-पाचसकट, म्हणजे थेट ॲक्सियल गेज फील्डसारखा. त्याच्या फील्ड-स्ट्रेंग्थचं वर्गपद ॲनॉमलीत येतं आणि तिथे कटऑफ लागत नाही. बल्कमध्ये (सीमेच्या आतल्या पाच मितींत) याचं काम पाच मितींतलं चर्न-सायमन्स पद करतं. सीमेवर टॉर्शनला स्वतंत्र सोर्स हवा असेल, तर बल्कमध्ये टेट्राड आणि स्पिन कनेक्शन (ती चौकट जागोजागी कशी वळते ते सांगणारं क्षेत्र) वेगवेगळे धरा.

वाइल_नोड: आमच्याकडे, घन पदार्थांत, लॅम्डा खराच असतो. वाइल सेमीमेटलमध्ये (ज्यातले इलेक्ट्रॉन वस्तुमान नसलेल्या कायरल कणांसारखे वागतात) रेषीय डिस्पर्शन (ऊर्जा संवेगाच्या प्रमाणात असणं) जिथे संपतं, ती ऊर्जा. डिस्लोकेशन (स्फटिकाच्या रचनेतला दोष) म्हणजेच टॉर्शन. शिवाय नीह-यानमधून तापमानाच्या वर्गाचं पद कटऑफशिवाय मिळतं, त्याचं काय?

उलटा_टेन्सर: ते पद मान्य, त्याचं श्रेय नीह-यानला देणं अमान्य. स्पिन कनेक्शन शून्य धरलं की काल-घटकाचं टॉर्शन म्हणजे ग्रॅव्हिटोमॅग्नेटिक क्षेत्रच. मग हाती येतो तो जुना कायरल व्हॉर्टिकल इफेक्ट (द्रव फिरला की अक्षाच्या दिशेने करंट वाहणं): नैसर्गिक एककांत, केमिकल पोटेन्शियल शून्य असताना, एका वाइल फर्मिऑनमागे तापमानाचा वर्ग भागिले १२. होलोग्राफीत तो 'ए वेज आर वेज आर' (आर म्हणजे वक्रता) या मिश्र पदातून निघतो, हे २०११ मध्येच दाखवून झालंय.

पाचवी_मिती: म्हणजे आधी फक्त प्रतिसममित भाग सोर्स म्हणून चालू करू?

उलटा_टेन्सर: करा. फक्त कुबो सूत्रात (सहसंबंधांवरून ट्रान्सपोर्ट गुणांक काढणारं) आधी वारंवारता शून्याकडे न्या, मग संवेग. क्रम उलटला तर गुणांक वेगळाच येईल.