बेल्जियमच्या बिअरला परंपरेचं श्रेय किती द्यावं?

हेमंतवारा (धागाकर्ता)

युनेस्कोने २०१६ मध्ये बेल्जियमची बिअर-संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तेव्हापासून "दारूला कसला आलाय वारसा?" हा प्रश्न आपल्याकडे नेहमी ऐकू येतो. माझं मत ठाम आहे. बिअर बनवण्यातला धीर बेल्जियमने जसा टिकवला तसा दुसऱ्या कुणाला फारसा जमला नाही.

लँबिकचंच घ्या. ब्रसेल्सच्या आसपास, झेन नदीच्या खोऱ्यात ही बिअर होते. बार्लीच्या माल्टबरोबर (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर) साधारण तीस टक्के किंवा जास्त कच्चा, मोड न आणलेला गहू घालतात. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, मुद्दाम जुने वापरतात, कारण त्यांचा कडूपणा गेलेला असतो पण टिकवण्याचा गुण शिल्लक असतो. उकळलेला रस रात्रभर माळ्यावरच्या रुंद, उथळ टाकीत उघडा निवत ठेवतात. यीस्ट कुणी घालत नाही. हवेतून, लाकडातून जे येईल तेच आंबवतं, आपल्या इडलीच्या पिठासारखं. उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात, म्हणून हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत चालतं.

पुढे ओकच्या पिंपांत एक, दोन, तीन वर्षं. मग वेगवेगळ्या वयाच्या लँबिकचं मिश्रण करून बाटलीत भरलं की त्याचं गूझ होतं. कोवळ्या लँबिकमध्ये उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस धरते. कोणत्या पिंपातलं किती घ्यायचं हे मिश्रण करणाऱ्याची जीभ ठरवते. ब्रसेल्समधल्या अँडरलेख्टमध्ये १९०० साली सुरू झालेली कँतियों ही ब्रुअरी (बिअरचा कारखाना) आजही असंच काम करते. तीन वर्षं भांडवल पिंपात अडकवून ठेवायचं, हे हिशेबाच्या वहीला पटणारं नाही. तरी ते करतात, याचं मला मनापासून कौतुक आहे.

रानजाई

लँबिकबद्दल वाद नाही. पण त्यावरून अख्ख्या देशाला प्रमाणपत्र कसं देता? बेल्जियममध्ये सर्वाधिक खपते ती जुपिलर, साधी फिकी लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली नेहमीची बिअर. जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीचं मुख्यालयही तिथेच, ल्यूव्हेनमध्ये.

आणि "शतकानुशतकांची परंपरा" म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच अलीकडचं आहे. वेस्टमालच्या मठाची ट्रिपल ही कडक, फिकी बिअर १९३४ ची. ऑर्व्हालचा मठ जुना, पण आजची ब्रुअरी १९३१ ची. कडक बिअरची चलती झाली त्यात १९१९ च्या व्हांडरव्हेल्डे कायद्याचाही हात आहे. त्या कायद्याने कॅफेंमध्ये जेनेव्हरसारखी कडक दारू द्यायला बंदी केली, मग गिऱ्हाइकाला बिअरच कडक हवी झाली. म्हणजे श्रेय मठापेक्षा संसदेला द्या.

हेमंतवारा

रानजाई, कायद्याचा मुद्दा चांगला काढलात, पण तो माझ्या बाजूने जातो असं मला वाटतं. मागणी फक्त कडकपणाची होती. ती भागवायला साखर ओतून काहीही बनवता आलं असतं. प्रत्यक्षात घडली साडेनऊ टक्क्यांची, तरीही कोरडी, हलकी लागणारी, बाटलीत पुन्हा आंबलेली ट्रिपल. हे कसब संसदेने शिकवलेलं नाही.

वयाचं म्हणाल, तर हूगार्डनची गोष्ट पाहा. त्या गावातली शेवटची गव्हाची बिअर पन्नाशीच्या दशकात बंद पडली. शेजारी राहणारा दूधवाला पिएर सेलिस पूर्वी तिथे हाताखाली काम केलेला. त्याने साठीच्या दशकात ती पुन्हा उभी केली, धणे आणि संत्र्याच्या सालीसकट. मधली काही वर्षं वगळली म्हणून परंपरा खोटी ठरत नाही. ज्याला ती आठवत होती त्याने हात लावला, म्हणून ती वाचली.

मुळाकाठचा

मी पुण्यात घरी बिअर बनवतो, त्यामुळे धणे-संत्र्याची बाजू माझ्या जिव्हाळ्याची. जर्मनीत बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानाने बार्ली, हॉप्स, पाणी एवढंच चालेल असं ठरवलं. बेल्जियममध्ये तसं जोखड नव्हतं. म्हणूनच तिथे आंबट चेरीची क्रीक झाली, धण्यांची विटबिअर (गव्हाची बिअर) झाली, रूसेलारे गावातल्या रोडेनबाख ब्रुअरीची उंच लाकडी पिंपांत मुरलेली तांबडी बिअर झाली. आज पुण्यातल्या ब्रूपबमध्ये बेल्जियन विट सर्रास मिळते ती या मोकळीकीमुळेच. माझ्या मते परंपरेपेक्षा ही मोकळीक मोठी.

रानजाई

हेमंतवारा, सेलिसची गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. १९८५ मध्ये त्याची ब्रुअरी जळाली, पुरेसा विमा नव्हता, मोठ्या कंपनीचे पैसे घ्यावे लागले आणि पुढे ब्रुअरी तिच्याकडेच गेली. त्याच कंपनीने २००५ मध्ये हूगार्डनचं उत्पादन दुसरीकडे हलवायचं जाहीर केलं. गावकरी आणि कामगार रस्त्यावर उतरले. २००७ मध्ये निर्णय फिरला. वारसा वाचला तो त्या लोकांमुळे.

लेफ या बिअरचंही तसंच. बाटलीवर मठाचं चित्र, बिअर बनते ल्यूव्हेनच्या कारखान्यात. गिऱ्हाइकाला वाटतं, साधूंनी ढवळली.

सावित्रीघाट

रानजाईताई, म्हणूनच ट्रॅपिस्ट या साधूंच्या पंथाच्या मठांसाठी मोहर वेगळी काढावी लागली. बिअर मठाच्या आवारात बनावी, साधूंच्या देखरेखीत बनावी, आणि मठाच्या गरजा भागून उरलेला पैसा दानधर्माला जावा, अशा तिच्या अटी आहेत. त्या नुसत्या कागदावर नाहीत. आखेलच्या मठात राहणारे साधू उरले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये आखेलच्या बिअरची मोहर गेली. पाककृती तीच होती तरी गेली. वेस्टव्लेटेरनच्या मठाची बारा क्रमांकाची बिअर जगभर मागितली जाते, तरीही तिथले साधू मागणीच्या मागे धावत उत्पादन वाढवत नाहीत.

मात्र एक काळजी बोलून दाखवते. ड्यूव्हेल या बिअरमध्ये साडेआठ टक्के अल्कोहोल, वेस्टव्लेटेरनच्या 'बारा'मध्ये दहा टक्क्यांच्या वर. वारसा म्हटलं की पिणाऱ्याला हे आकडे दिसेनासे होतात. कौतुक करताना ते लिहायलाच हवेत.

हेमंतवारा

सावित्रीघाट, आकड्यांबद्दल पूर्ण सहमत. तिथे प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा ग्लास असतो आणि बाटली बहुधा ३३० मिलीची. ड्यूव्हेल दोन घोटांत संपवणाऱ्याकडे तिथला बारवाला चमकून बघेल. हळू पिणं हा त्या संस्कृतीचाच भाग आहे.

रानजाई

मोहरेचा मुद्दा मला पटला, कारण तिथे अट मोडली की नाव जातं. मग हाच नियम सगळ्यांना लावा. मठाचं चित्र छापणाऱ्या प्रत्येक बाटलीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत, बिअर कोणत्या गावात आणि कुणाच्या मालकीच्या कारखान्यात बनली हे छापायला लावा. युनेस्कोच्या यादीपेक्षा कँतियोंसारख्यांना त्याचा उपयोग जास्त होईल.